जमतं आमचं

नकाराचं पहिलं पत्र आलं तेव्हा बेरिल अ‍ॅक्रॉइड बटाटे सोलत होती. ओल्या हातानेच तिने पाकीट फोडलं, पत्र वाचलं, ब्रेडच्या डब्याखाली सरकवलं आणि राहिलेले बटाटे सोलायला घेतले. रडू आलं नाही, रागही आला नाही. काहीच आलं नाही. बटाटे मात्र चार जास्तच सोलले गेले.

“कुणाचं पत्र?” बाहेरच्या खोलीतून क्लिफने विचारलं.

“कौन्सिलचं.”

“मिळालं मेडिकल?”

“नाही.”

“बरं,” क्लिफ म्हणाला. एवढं म्हणायलाही त्याला दोन श्वास लागले.

होल्मरॉइड गावात ‘मेडिकल’ म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कौन्सिलची घरं मोजकी, मागणारे ढीगभर, म्हणून रांग. ज्याचं दुखणं राहत्या घरामुळे वाढतंय असं कौन्सिलचा डॉक्टर मान्य करील, तो रांगेत एकदम पुढे. आता हा डॉक्टर तुमची नाडी बघायला येतो असं कुणाला वाटत असेल तर त्याने ते विसरावं. तो कागद बघतो. तुमचा फॉर्म, दवाखान्याची चिठ्ठी, झालंच तर कुणी अधिकारी घरी येऊन गेला असेल तर त्याने खरडलेलं पानभर. कागदावर जे नाही, ते तुमच्या अंगातही नाही.

आणि क्लिफच्या अंगात काय बाकी होतं? एकतीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत लोकरीचा भुगा खाल्लेला माणूस. फुफ्फुसं कामातून गेलेली. ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घरघरायचं आणि त्याची नळी नाकाला लावून क्लिफ खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत, एवढाच प्रवास करायचा. घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चोपन्न पायऱ्या. झोपायच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर काळी बुरशी, आज पुसली की आठवड्यात परत हजर. शेवटचा तो खाली उतरला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि तेव्हाही अ‍ॅम्ब्युलन्सच्या दोन माणसांनी खुर्चीला बांधून उतरवलं होतं.

त्याला दुसरं काही नको होतं. मिल लेनवर म्हाताऱ्यांसाठी कौन्सिलची सहा बैठी घरं आहेत. त्यांच्या पुढच्या खिडक्यांतून बोलिंग क्लबचं मैदान दिसतं. मध्ये कमरेएवढी भिंत, पलीकडे कापून सारखं केलेलं गवत आणि त्यावर गोळे घरंगळवणारी पांढऱ्या केसांची पुरुषमंडळी. क्लिफ त्या क्लबचा नऊ वर्षं कप्तान होता. क्लबचा टाय, हिरवा, त्यावर पांढरे पट्टे, अजून कपाटाच्या दाराला आतून लटकत होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बेरिलला बाहेर बोलावून हळूच सांगितलं होतं, “अजून एखाद-दोन उन्हाळे धरून चाला.” हे बेरिलने क्लिफला सांगितलं नव्हतं, आणि क्लिफनेही विचारलं नव्हतं. पण चार नंबरच्या घरातला म्हातारा हर्बर्ट उन्हाळ्याच्या शेवटी लेकीकडे राहायला जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. रिकाम्या घरांची यादी दर गुरुवारी लागते. चार नंबर यादीत लागेल तेव्हा मेडिकल हातात असलं तर घर त्यांचं. नसलं तर रांगेत त्यांचा नंबर अडतिसावा. एखाद-दोन उन्हाळ्यांत सदतीस माणसं काही सरकत नाहीत.

आता फॉर्म कुणी भरला होता? बेरिलनेच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, काळ्या शाईने, शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात. ‘जिना चढता-उतरताना काय अडचण येते?’ तिने लिहिलं : सावकाश जमतं. ‘आंघोळीला मदत लागते का?’ थोडीशी. थोडीशी म्हणजे काय, तर सकाळचा एक तास. ती त्याला काखेत धरून टबात उतरवायची आणि नंतर दोघंही भिंतीला टेकून धापा टाकत बसायची. ‘लघवी-शौचावर ताबा आहे का?’ या प्रश्नापाशी तिचं पेन बराच वेळ थांबलं. घरांच्या कचेरीत जेफ बूथची मुलगी कामाला होती, आणि जेफ बूथ म्हणजे क्लबचा सध्याचा कप्तान. बेरिलने ‘होय’वर खूण केली आणि फॉर्म पाकिटात घातला.

इथल्या लोकांची ही जुनी खोड. बाप मेला तरी विचारणाऱ्याला ‘ठीक चाललंय’ म्हणायचं. पाय मोडला तर ‘जरा लचकलाय’. बेरिल शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम बावीस वर्षं करत होती, त्यात एकदा उकळतं पाणी हातावर सांडलं तर टॉवेल गुंडाळून तिने आधी सगळ्यांचं कस्टर्ड वाढलं. आपलं दुखणं दुसऱ्याच्या ताटात वाढायचं नाही, असं तिच्या आईने शिकवलेलं. शिकवण चांगलीच, पण कौन्सिलच्या फॉर्मला आई नसते.

खालच्या मजल्यावरच्या विनीला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. विनी क्रॅबट्री आधी बेरिलच्या समोरच राहायची. गुडघ्यांचं मेडिकल मिळवून तिने याच इमारतीत तळमजला पटकावला होता.

“सावकाश जमतं?” विनी म्हणाली. “अगं बये, असं लिहितं का कुणी? मी काय केलं माहितीये? तो अधिकारी आला तेव्हा मी मोजे काढून गुडघे त्याच्या नाकासमोर धरले. रडले. खरं सांगते, सुरुवातीला नाटक होतं, मग खरंच रडू आलं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि हे तर कौन्सिल!”

“मला नाही जमायचं तसलं,” बेरिल म्हणाली.

“मग बस वरती कबुतरांबरोबर.”

तरी विनीनेच फेरविचाराचा अर्ज करायला लावला. अर्ज पोचल्यावर पत्र आलं : अमुक तारखेला मिस्टर टिंडल घरी येऊन पाहणी करतील.

तीन दिवस हातात होते. बेरिलने त्या तीन दिवसांत काय केलं ऐका. पडदे धुतले. फरशी गुडघ्यांवर बसून घासली. झोपायच्या खोलीतली बुरशी ब्लीचने अशी पुसली की भिंत नव्यासारखी पांढरी झाली. ब्लीचच्या वाफेने क्लिफ गुदमरायला लागला तेव्हा त्याला स्वयंपाकघरात नेऊन उघड्या खिडकीपाशी बसवलं आणि परत पुसायला गेली. ऑक्सिजनचं यंत्र बैठकीत बरं दिसत नाही म्हणून ते पलंगामागे सरकवलं आणि वर क्रोशाचं आच्छादन घातलं. कमोडची खुर्ची कपाटात. गुलाबाची फुलं असलेले पातळ कप काढले, आल्याचा केक भाजला. आणि क्लिफची दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात क्लबचा टाय बांधून त्याला खुर्चीत बसवलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते असं. पण तिला यात काही लपवतोय असं वाटतच नव्हतं. पाहुणा येणार म्हणजे घर आवरायचं, एवढंच तिला कळत होतं.

मिस्टर टिंडल हा पंचविशीतला, गुलाबी गालांचा माणूस. चोपन्न पायऱ्या त्याने दोन-दोन करत चढल्या होत्या. त्याने केक खाल्ला, चांगला झालाय म्हणाला, आणि झोपायच्या खोलीत डोकावून पांढरीशुभ्र भिंत बघून आला.

“मिस्टर अ‍ॅक्रॉइड, तुम्हाला इथे कसं काय वाटतं? रोजचं सगळं?”

क्लिफने नळी पाच मिनिटांपुरती काढून ठेवली होती. टाय सरळ केला. “जमतं आमचं,” तो म्हणाला.

“म्हणजे जिना वगैरे?”

“बाहेर फारसं जात नाही आम्ही. पण जमतं. आमच्यापेक्षा वाईट हाल असणारे आहेत हो जगात.”

“तुम्ही, मिसेस अ‍ॅक्रॉइड?”

“केक आणखी एक तुकडा घ्या ना,” बेरिल म्हणाली.

तो गेला आणि दार लागलं, तसा क्लिफ खुर्चीतच निळा पडला. नळी लावून अर्धा तास तिने त्याची पाठ चोळली. बोलण्यासारखा झाल्यावर तो म्हणाला, “चांगला होता पोरगा.”

दुसरं पत्र बारा दिवसांनी आलं. ‘सदर अर्जदाराचे घर स्वच्छ व सुस्थितीत आहे. बुरशी आढळली नाही. अर्जदार पाहणीच्या वेळी ऑक्सिजनशिवाय बसलेले होते व त्यांनी रोजचे व्यवहार जमतात असे स्वतः सांगितले. आजार गंभीर असल्याचे मान्य आहे. मात्र राहत्या घरामुळे तो वाढत असल्याचे दिसून येत नाही.’ एक अक्षर खोटं नव्हतं. बेरिलने दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेली तर अक्षरं नुसतीच अक्षरं दिसायला लागली, त्यांचा अर्थ लागेना. तिने पत्र ब्रेडच्या डब्याखाली पहिल्या पत्रावर ठेवलं.

तिथून पुढे तिचं काहीतरी बधिर झालं. कामं चालू होती. आंघोळ घालणं, औषधं, सूप, अंथरूण बदलणं, धुतलेल्या चादरी चोपन्न पायऱ्या खाली नेऊन वाळत घालणं, परत वर आणणं. पण हे सगळं कुणीतरी दुसरी बाई करतेय आणि आपण खिडकीतून बघतोय, असं तिला वाटायचं. क्लिफ खोकायला लागला की आधी ती हातातलं टाकून धावायची, आता हातातलं काम संपवून जायची. तिला या बधिरपणाची भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटत नव्हती.

विनीने तक्रार लिहायला लावली. म्हणजे विनीने सांगितलं आणि बेरिलने लिहिलं, पण लिहिताना सुरुवात केली ती ‘आपल्याला तसदी देताना वाईट वाटतं’ अशी, आणि शेवटच्या चौकटीत, ‘आम्ही काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे?’ या प्रश्नाखाली लिहिलं, ‘जे शक्य असेल ते.’ आता अशा तक्रारीला कोण घाबरतं? उत्तर आलं : सर्व कार्यवाही नियमांनुसार झालेली आहे. समाधान झाले नसल्यास दुसऱ्या टप्प्यावर दाद मागता येईल.

“माग दाद,” विनी म्हणाली. “आणि तुझी ती तसदी-बिसदी काढून टाक.”

दुसऱ्या टप्प्याला नाझिया कौसर नावाची बाई होती. तिने आधी फोन केला. आवाज इथलाच, शब्द ओढून बोलणारा, पण घाई नसलेला. “मिसेस अ‍ॅक्रॉइड, फाईल वाचली मी. दवाखान्याची चिठ्ठी एक सांगते आणि आमची पाहणी भलतंच. मला स्वतः यायचंय. गुरुवारी अकरा वाजता चालेल?”

“चालेल,” बेरिल म्हणाली, आणि फोन ठेवून ब्लीच किती उरलंय ते बघायला गेली.

बुधवारी सकाळी घरात काय अवस्था होती! पडदे दोरीवर. फरशी अर्धी पुसलेली. भिंतीवरची बुरशी शिल्लक, कारण ती सगळ्यात शेवटी करायची. क्लिफचा दिवस वाईट होता. टबातून काढल्यावर त्याला उभं राहता येईना, आणि तिला उचलता येईना, म्हणून तो नेहमी वाईट दिवशी करायचा तेच करत होता : न्हाणीघरापासून खोलीपर्यंत हातांवर आणि गुडघ्यांवर येत होता. कमरेला टॉवेल, मागे नळी. दोन हात पुढे आला की थांबायचा आणि डोकं गालिच्याला टेकवायचा. बेरिल शेजारी नळी धरून उभी होती. वाटेत त्याला लघवी आवरली नाही. आता गालिचाही पुसावा लागणार, एवढंच तिच्या मनात आलं.

तेवढ्यात दार वाजलं.

तिने साखळी न काढता वीतभर दार उघडलं. बाहेर एक चाळिशीची बाई, डोक्याला राखी रुमाल, खांद्याला फायलींची पिशवी, आणि धाप लागलेली. एक हात कठड्यावर.

“मिसेस अ‍ॅक्रॉइड? मी नाझिया कौसर. आपलं उद्याचं ठरलंय, माहितीये मला. पण दुसऱ्या मजल्यावर एकांकडे काम होतं, म्हटलं वर विचारून बघावं. आज पाच मिनिटं जमेल? काय हो जिना हा! माझाच जीव गेला.”

मागे गालिच्यावर क्लिफ खोकायला लागला. बेरिल दाराच्या फटीत आडवी झाली.

“आज नको,” ती म्हणाली. “उद्याचं ठरलंय.”

“बरे आहेत ना ते? कुणीतरी खोकतंय...”

“घर आवरलेलं नाही.”

“अहो, मला घर आवरलेलं नकोच आहे. मी...”

“उद्या या. उद्या अकराला,” असं म्हणून बेरिलने दार लावून घेतलं.

पावलं थोडा वेळ बाहेर थांबली, मग खाली गेली. बेरिल दाराला पाठ लावून उभी राहिली. ज्या बाईला हे सगळं दिसायला हवं होतं ती स्वतःच्या पायांनी चोपन्न पायऱ्या चढून दारात आली होती, आणि आपण तिच्या तोंडावर दार लावलं. हे तिला कळत होतं. पाण्यात पडलेला दगड वरून दिसावा तसं कळत होतं, हात मात्र पोचत नव्हता.

“कोण होतं?” गालिच्यावरून क्लिफने विचारलं.

“कुणी नाही.”

अर्ध्या तासाने परत दार वाजलं. या वेळी विनी. गुडघ्यांचं मेडिकल घेतलेली विनी तीन मजले चढून आली होती, चेहरा लालबुंद, आणि आल्या आल्या तिने तोंड सोडलं.

“खाली भेटली मला ती! मी म्हटलं झालं का काम, तर म्हणते आत घेतलं नाही. अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तू तोंड धुवायला गेलीस? त्या हर्बर्टची लेक शनिवारी सामान न्यायला येतेय. पुढच्या गुरुवारी चार नंबर यादीत लागेल, आणि तू इथे...”

बोलता बोलता ती आत आली आणि थांबली. क्लिफ अजून पलंगापर्यंत पोचला नव्हता. खोलीच्या उंबऱ्यात, भिंतीला पाठ लावून, टॉवेल गुंडाळून बसला होता. त्याच्या डोक्यामागे काळी भिंत. विनीने चौदा महिन्यांत त्याला पाहिलं नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याही अवस्थेत एक हात उचलून टॉवेल नीट केला.

“कशी आहेस, विनी?” तो म्हणाला.

दोघींनी मिळून त्याला पलंगावर घेतलं. निघताना दारात तिने बेरिलचं मनगट पकडलं.

“हे दाखव त्यांना,” ती हळू आवाजात म्हणाली. “केक नको करूस, बये. हे दाखव.”

ती गेल्यावर बेरिलने ब्लीचची बाटली उचलली, भिंतीसमोर उभी राहिली, आणि मग बाटली परत कपाटात ठेवून दिली. यात काही शौर्य नव्हतं. हात उचलावासाच वाटेना, इतकंच.

गुरुवारी सकाळी तिला जाग आली तेव्हा क्लिफ पलंगावर नव्हता. तो खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. शर्टाचं एक बटण खाली-वर लागलेलं. गळ्यात टाय. हे सगळं त्याने एकट्याने केलं होतं. किती वेळ लागला असेल देव जाणे. ओठ निळे होते.

“भिंत राहिलीय तुझी,” तो म्हणाला.

“राहू दे.”

“ती बाई येईल ना.”

“राहू दे, क्लिफ.”

नाझिया कौसर अकराला आली. कालच्या दाराबद्दल तिने शब्दही काढला नाही. बुरशी बघितली, फोटो घेतला, आच्छादन नसलेलं यंत्र बघितलं. मग खुर्ची ओढून क्लिफच्या समोर बसली.

“मिस्टर अ‍ॅक्रॉइड, तुमच्याच तोंडून ऐकायचंय मला. कसं चाललंय?”

क्लिफने टायला हात लावला. “जमतं आमचं,” तो म्हणाला.

“खोटं,” बेरिल म्हणाली.

ती दारापाशी उभी होती. आवाज चढवला नव्हता. दूधवाल्याला उद्या दोन बाटल्या म्हणून सांगावं तसं तिने सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबायचं कसं हे तिला कळेना.

“खोटं बोलतोय तो. आणि मी फॉर्मवर लिहिलं तेही खोटं. त्याला जिना जमत नाही. चौदा महिने जमलेला नाही. त्याला संडासही जमत नाही, पोचेपर्यंत होऊन जातं, आठवड्यातून चार-पाच दिवस तरी चादरी धुवाव्या लागतात. काल तुम्ही आलात तेव्हा तो रांगत होता. टबातून पलंगापर्यंत. वाईट दिवशी रांगतोच तो. एकदा वाटेत पडून राहिला आणि मला उचलता येईना, म्हणून मी शेजारी खाली पडून राहिले, दोन तास. ती भिंत मी पुसते ना, तर ब्लीचने त्याचा जीव घुसमटतो, आणि नाही पुसली तर बुरशीने. मागच्या वेळी ते साहेब आले तेव्हा नळी आम्हीच काढून ठेवली होती. बरं दिसत नाही म्हणून. तो रडतो. टबात बसल्यावर रडतो, पाण्याचा नळ सोडून, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू जातं.”

ती थांबली. यंत्र घरघरत होतं. नाझिया कौसर लिहीत होती. लिहिताना तिने एकदाही मान वर केली नाही, आणि बेरिलला त्याबद्दल तिचे उपकार वाटले.

क्लिफ टायची गाठ सोडायचा प्रयत्न करत होता. गाठ सुटेना. बेरिल पुढे झाली, तर त्याने तिचा हात बाजूला केला. जोरात नाही. तेवढा जोर नव्हताच त्याच्यात.

“मिस्टर अ‍ॅक्रॉइड,” नाझिया म्हणाली, “मला विचारावं लागतंय, माफ करा. हे खरं आहे का?”

क्लिफने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिकडेच बघत म्हणाला, “खरं आहे.”

पत्र मंगळवारी आलं. तक्रार मान्य. आधीचे दोन्ही निर्णय रद्द. झाल्या त्रासाबद्दल कौन्सिल दिलगीर आहे. मेडिकल मंजूर, सगळ्यात वरच्या गटात. आणि निर्णयाची कारणं, पाऊण पान. क्लिफने चष्मा मागितला आणि ते पाऊण पान वाचलं. ‘रांगत जातात’ तिथे त्याचं बोट थांबलं. ‘ताबा नाही’ तिथेही थांबलं.

“हे कुठे ठेवतात?” त्याने विचारलं.

“फायलीत.”

“जेफची मुलगी त्याच कचेरीत ना?”

“हो.”

त्याने पत्राची घडी घातली, चष्मा त्यावर ठेवला, आणि त्यानंतर तो बेरिलशी बोलला नाही. म्हणजे भांडला नाही. चहा हवाय का विचारलं तर मान हलवायचा. आंघोळीला काखेत हात घातला तर अंग सैल सोडायचा. पण वाक्य म्हणून नाही. गुरुवारी यादीत चार नंबर लागला, शुक्रवारी त्यांना मिळाल्याचा फोन आला; बेरिलने सांगितलं, त्याने मान हलवली. इतके महिने जे मागितलं ते मिळालं होतं आणि घरात कुणी हसलं नाही. बेरिलला वाईट वाटायला हवं होतं. तिने खोकी बांधली. टाय कपाटाच्या दारावरून काढून गुंडाळला आणि मोज्यांच्या खोक्यात ठेवला.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दोन माणसांनी क्लिफला खुर्चीला बांधून खाली उतरवलं. विनी दारात रडत उभी होती, या वेळी अजिबात नाटक न करता. मिल लेनच्या चार नंबरच्या घरात दुपारपर्यंत पलंग लागला, यंत्र लागलं. खुर्ची कुठे ठेवायची हे बेरिलने विचारलंच नाही. पुढचं दार उघडून दारातच ठेवली, उन्हात, नळी पुरेल तिथवर. समोर भिंत आणि पलीकडे मैदान. शनिवारचा सामना चालू होता.

क्लिफ टायशिवाय बसला होता. पलीकडच्या माणसांना तो दिसायला दहा मिनिटं लागली. मग जेफ बूथ हातातला गोळा तसाच घेऊन भिंतीपाशी आला, आणि त्याच्यामागे आणखी तिघं-चौघं.

“अरे, आला का म्हातारा!” जेफ म्हणाला. “कसं काय, कप्तान? कसा आहेस?”

बेरिल चहाचा कप घेऊन दारात आली होती. चाळीस वर्षं या प्रश्नाला क्लिफचं उत्तर ठरलेलं होतं, आणि भिंतीवर कोपरं टेकवून ते सगळे त्याच उत्तराची वाट बघत होते. क्लिफने त्यांच्याकडे पाहिलं नाही. गवताकडे पाहिलं.

“तिला विचारा,” तो म्हणाला. “ती सगळं सांगते.”

जेफने गोळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि बुटांकडे बघायला लागला. त्याला फायलीतलं माहीत होतं की नव्हतं, हे बेरिलला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या छातीत काहीतरी दुखलं, सरळ, बोट ठेवून दाखवता यावं असं.

“बरा आहे,” ती म्हणाली. “जिन्याचाच काय तो त्रास होता. बाकी जमतं आमचं.”

“मग काय!” जेफ म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडल्याचं दिसत होतं. “ये हं क्लिफ, बरं वाटलं की. सामन्याचे गुण लिहायला कुणी नाहीये आमच्याकडे.” मंडळी परत खेळायला गेली.

बेरिलने कप क्लिफच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, आणि एक गोळा गवतावरून घरंगळत दुसऱ्या गोळ्यापाशी जाऊन थांबेपर्यंत बघत राहिला. मग एक घोट घेतला.

“गार झालाय चहा,” तो म्हणाला.

अकरा दिवसांनी तो तिच्याशी बोलला होता. बेरिलने कप घेतला आणि पाणी परत उकळायला ठेवलं.